बांधाच्या दोन बाजूंची थंडी

दिवस पहिला, गुरुवार

दाजींनी फोनवर दोनच गोष्टी बजावल्या होत्या: कानटोपी घेऊन या, आणि आईंना नेमकं कुठे चाललोय ते सांगू नका. कानटोपी मी पुण्यातच विसरलो. दुसरी गोष्ट नारायणगावपर्यंत टिकली.

संक्रांत होऊन पाच-सहा दिवस झाले होते. ताईकडे तिळगूळ घेऊन जायचं हे आईचं निमित्त, आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीचा हिवाळा बघायचा हे माझं. दाजींची सहा एकर बाग आहे. चार एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं. उरलेली दोन एकर चेनिन ब्लाँ, म्हणजे पांढऱ्या वाइनची द्राक्षं, ती दरवर्षी या वायनरीला जातात. दोघा भागीदारांची वायनरी, बारा टाक्या, कायमची माणसं आठ. बाहेरचा फलक इतका लाजरा की लग्न होऊन आल्यावर वर्षभर ताई तिला दूध डेअरी समजत होती.

नारायणगावला चहा घेताना माझी जीभ घसरली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी याच भागात शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन करायला घेतली, असं मी मोठ्या कौतुकाने सांगत होतो. आईने कप खाली ठेवला.

"म्हणजे आपण दारूच्या कारखान्यात चाललोय."

"वाइन, आई."

"तेच ते."

त्यानंतर चंदनापुरी घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. सिन्नर सोडलं आणि गाडीच्या काचा आपोआप वर गेल्या. नाशिक ओलांडून दिंडोरीच्या बाजूला वळेस्तोवर दिवस मावळला होता, आणि दोन्ही बाजूंच्या बागांतून मातीचा, ओल्या पाल्याचा गार वास येत होता.

दाजी ओट्यावरच उभे होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बागेतला तापमापक, बॅटरी बदलायला आणलेला. नमस्कार झाला, आईच्या हातून तिळगूळ घेतला, आणि लगेच शेजारच्या शेतकऱ्याला फोन: "निफाड किती?"

नाशिक जिल्ह्यात जानेवारीत माणसं एकमेकांची खुशाली अशीच विचारतात. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथला थंडीचा आकडा रोज पेपरात येतो आणि राज्यातल्या नीचांकांत बरेचदा तोच असतो. पुण्यात तो आकडा वाचून आपण शाल काढतो. इथे तो वाचून माणसाची झोप उडते.

दिवस दुसरा, शुक्रवार

साडेतीनला दाजींचा गजर वाजला. मी ताईच्या सासूबाईंची शाल डोक्यावरून घेऊन त्यांच्या मागे निघालो. तापमापक ६.५ दाखवत होता.

आधी थॉमसनच्या प्लॉटवर. या बागेची फळछाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर झालेली, म्हणजे आता नेमकं मण्यांत पाणी उतरायला लागलंय. साल ताणलेली, पातळ, आत पाणी भरतंय, आणि बाहेर असा गारठा. दाजींनी बॅटरी एका घडावर धरली. एका मण्याला देठापासून खालपर्यंत केसाएवढी चीर गेली होती. बोट लावलं तर चिकट. "तडकला," ते म्हणाले. "आज हा दिसतोय. परवा याला चिलटं लागतील, मग शेजारच्याला. व्यापारी आला की घड हातात घेतो, उलटा करतो आणि बाजूला ठेवतो. बोलत काहीच नाही." ते 'बोलत काहीच नाही' त्यांना सगळ्यात जास्त लागत असावं.

यावर उपाय जुनेच आहेत. ड्रिप सुरू केलं. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं, त्यामुळे बोदांवरून, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या उंचवट्यांवरून, हलकी वाफ उठते आणि वेलीखालची जमीन थोडी उबदार राहते. मग चार-चार ओळी सोडून शेकोट्या. छाटणीच्या वाळल्या काड्या खाली, वरून ओला पालापाचोळा, कारण इथे जाळापेक्षा धूर हवा असतो. तो बागेवर पांघरुणासारखा पसरतो. मला एका शेकोटीची जबाबदारी मिळाली. मी ती इतकी छान पेटवली की दाजींना येऊन तिच्यावर ओला पाला टाकावा लागला.

मग बांध ओलांडला. हातभर रुंद बांध, मध्ये एक करंजाचं झाड, पलीकडे चेनिन. इथे दाजींची चालच बदलली. हात मागे बांधून, सावकाश, लग्नघरात फिरावं तसे ते ओळींतून फिरू लागले.

वाइनच्या द्राक्षाला ही थंडी मानवते. दिवसा २८ अंशांचं ऊन साखर भरतं, आणि रात्र अशी गार राहिली की मण्यातलं आम्ल टिकतं. उन्हाळा लवकर आला तर साखर पटकन चढते, आम्ल उतरतं, आणि वाइन नुसती गोड-गुळमुळीत, बिनचवीची होते. शिवाय चेनिनचा मणी लहान, बी असलेला. थॉमसनला मणी लांब व्हावा म्हणून संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात, घड बुडवावे लागतात, विरळणी करावी लागते. हिला त्यातलं फारसं काही लागत नाही. एकरी माल मात्र निम्म्याहून कमी घ्यायचा, नाहीतर वायनरी नाक मुरडते.

म्हणजे एकाच माणसाने पहाटे चारला देवाला म्हणायचं की थंडी आवर, आणि साडेचारला म्हणायचं, राहू दे. मी तसं म्हटलं. दाजी हसले. "म्हणून तर दोन्ही लावलंय. एक बाजू तरी देव ऐकतोच."

साडेपाचला टोळी आली. सुरगाण्याकडच्या वीसेक बाया, कपाळावर बॅटऱ्या, साडीवर पुरुषी शर्ट, त्यावर स्वेटर. बरोबर मुकादम. तोडणी पहाटेच का, तर ऊन चढल्यावर तोडलेली द्राक्षं गरम असतात, क्रेटमध्येच रस सुटून आंबायला लागतात, आणि मग टाकी थंड करायला वीज जाते. घड खालून तळहातावर घ्यायचा, कात्री देठाला, आणि क्रेटमध्ये आपटायचा नाही, ठेवायचा. एका क्रेटमध्ये १८ किलोंच्या वर माल नाही, तळचे घड दबतात. माझा पहिला क्रेट भरल्यावर शेजारच्या ओळीतल्या मावशींनी त्यातली पानं, दोन बुरशी लागलेले घड आणि एक गोगलगाय काढून टाकली. एक शब्द बोलल्या नाहीत. आठ वाजता त्यांनीच नागलीची अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा हातावर ठेवला. बोटं इतकी गारठली होती की ठेचा तिखट आहे हे आधी डोळ्यांना कळलं.

मध्येच वायनरीचे सुपरवायझर आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पिशवीत मणी गोळा केले: ओळीच्या या टोकाचे, त्या टोकाचे, उन्हातल्या घडाचे, सावलीतल्या, घडाच्या खांद्याचे आणि शेपटाचे. पिशवी हातानेच चुरगळली, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे साखर मोजायच्या नळीच्या, काचेवर टाकला आणि उगवतीकडे धरून डोळा लावला. मलाही बघू दिलं. गोल खिडकीत वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ २१.४ ब्रिक्सवर. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. करार २१ चा होता. दाजींनी खिशातून हात बाहेर काढले.

हे हात खिशात का होते, ते नंतर ट्रॅक्टरवर बसल्यावर कळलं. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाला, आणि नाशिककरांनी वाइनच्या जाती धडाधड लावल्या. पुढे २००९-१०च्या सुमारास माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशी गत झाली. टाक्या भरलेल्या, वायनऱ्या बंद पडलेल्या, द्राक्षं कुणी घेईना. ही द्राक्षं बाजारात खपतही नाहीत, कारण बिया आणि जाड साल. दाजींच्या वडिलांनी तेव्हा तीन एकर शिराझ, तांबड्या वाइनची जात, कुऱ्हाडीने तोडली. आजची चेनिन दाजींनी त्यानंतर सहा वर्षांनी, करार हातात पडल्यावर लावली. तरी रेघ २१ च्या वर दिसेपर्यंत त्यांचे हात खिशातच असतात.

वायनरीत साडेनऊला माल उतरला. वजन, मग निवडीचं टेबल, मग प्रेस. प्रेस म्हणजे आडवं स्टीलचं पिंप, आत रबरी फुगा. फुगा हळूहळू फुगतो आणि द्राक्षांना भिंतीवर दाबतो. बी फुटता कामा नये, फुटली तर कडवटपणा उतरतो. खाली हिरवट-तपकिरी रस पडत होता, दिसायला थेट उसाचा. मी पेलाभर प्यालो. इतका गोड की घसा खवखवला, आणि मागून लिंबासारखा आंबट.

अकराला ताई आणि आई डबा घेऊन आल्या. आईला बाहेरच थांबायचं होतं, पण बाहेर वारा होता. ती टाक्यांच्या खोलीच्या दारात आली, थबकली, नाक वर केलं.

"जिलबीच्या पिठाचा वास येतोय."

गेल्या आठवड्यातला सोव्हिन्यों ब्लाँचा, म्हणजे पांढऱ्या वाइनच्या दुसऱ्या एका जातीचा, रस तिथल्या एका टाकीत आंबत होता. टाकीच्या माथ्यावरच्या नळीतून पाण्यात बुडबुड, बुडबुड. वायनरीत वाइन करणाऱ्या बाई सोलापूरकडच्या, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांना हा वासाचा शेरा फारच आवडला. "काकू, या, आतून बघा." आणि पुढचा तासभर आमची आई, जिने आयुष्यात बाटलीला हात लावला नाही, तिथून हलली नाही.

त्या दिवशी आदल्या दिवसाच्या रसाला यीस्ट लावायचं होतं. ताजा रस रात्रभर १० अंशांवर ठेवून गाळ खाली बसवतात, वरचा निवळ रस दुसऱ्या टाकीत घेतात आणि मगच यीस्ट. दाणेदार यीस्ट बादलीतल्या ३८ अंशांच्या पाण्यात भिजवलं. पंधरा-वीस मिनिटांत वर फेसाची साय धरली. पण कोमट बादली एकदम गार रसात ओतली तर यीस्टला धक्का बसतो, म्हणून थोडा थोडा गार रस बादलीत घालत तिला उतरवत आणायचं.

"विरजणाला दूध बघतो तसंच की," आई म्हणाली.

"तस्संच."

"आणि टाकी रिकामी का ठेवली एवढी?" टाकी तीन-चतुर्थांशच भरली होती.

"फेस वर येतो ना, काकू."

"हां. इडलीचं पीठ. भांडं मोठं घ्यावं लागतं." आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी साधी गोष्ट मी तिला नारायणगावला उगाच दारू म्हणून सांगितली होती.

टाकीवरच्या झाकणाची शिडी चढून मी आत डोकावायला गेलो, तेव्हा मामा ओरडले. आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, हवेपेक्षा जड, टाकीत साचून राहतो. पहिल्याच श्वासाला माणूस आत कोसळतो. "जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडायचे, ऐकलंय ना? विझला तर उतरायचं नाही. इथं तुम्हीच कंदील झाला असता." शिडी उतरताना गुडघे जरा हलकेच होते.

दुपारनंतर जे झालं त्याचा फोटो कुणी काढत नाही. धुणं. प्रेस उघडून चोथा काढला, तो ट्रॉलीत भरून खतासाठी परत दाजींच्या बागेत. मग प्रेस धुतला, टेबल धुतलं, नळ्या, पंप, फरशी, गटार. दोनशेवर क्रेट. टाक्यांना आधी कॉस्टिक, मग पाणी, मग सायट्रिक, मग पुन्हा पाणी. मी क्रेट धुवायला बसलो. पाणी बोअरचं, पण साडेचारच्या वाऱ्यात हात लाल झाले. "लोकांना वाटतं आम्ही दिवसभर चाखत बसतो," बाई नळी गुंडाळत म्हणाल्या. "मी दिवसभर मोलकरीण असते, आणि पंधरा मिनिटं वाइनमेकर."

दिवस तिसरा, शनिवार

शनिवारी पाहुणे येतात. अकराच्या सुमारास मुंबईच्या गाड्या लागल्या. लाकडी टबात द्राक्षं, कपाळाला फुलांचे पट्टे, पाय धुऊन आत आणि नाच. मीही पाय घातले. घोट्यापर्यंत गारेगार लगदा, बोटांच्या बेचक्यांत साली. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण त्या रसाची वाइन करत नाहीत. टबातली द्राक्षं म्हणजे बाजारात न जाणारा थॉमसनचा उरलासुरला माल. बहुतेक त्यात दाजींचे तडकलेले घडही असतील. विचारलं नाही.

त्या दिवशीचं खरं काम सकाळी सातला झालं होतं, पिंपांच्या खोलीत. गेल्या हंगामातलं शिराझ तिथे ओकच्या पिंपांत मुरतंय, एकेकात २२५ लिटर. लाकडातून थोडं थोडं उडून जातं, वर पोकळी होते, पोकळीत हवा, आणि हवेने वाइनचा व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी प्रत्येक पिंपाचं बूच काढायचं, त्याच वाइनने काठोकाठ भरायचं, कापडाने पुसायचं, बूच ठोकायचं. मामा बोटाने पिंप वाजवतात. भरलेलं मंद वाजतं, उणं असलेलं जरा पोकळ. बाविसाव्या पिंपापर्यंत माझ्या कानालाही फरक कळायला लागला होता, किंवा मला तसं वाटत होतं. मामांनी हो-ना काही केलं नाही.

डिसेंबरभर यांचं काम बाटल्या भरण्याचं असतं. मागच्या वर्षीची वाइन बाटलीत गेल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही, आणि रिकाम्या टाकीशिवाय नवी द्राक्षं घ्यायची कुठे? बारा टाक्यांच्या वायनरीचं सगळं वर्ष या हिशोबावर चालतं. लेबलं अजून हाताने लावतात, त्यामुळे काही किंचित तिरकी. मला तीच आवडली.

पाहुण्यांबरोबर चाखणीला बसलो. पांढऱ्या दोन, रोझे एक, तांबड्या दोन. दाजींच्या शेतातली गेल्या वर्षीची चेनिन मी ओळखीन अशी पैज होती. हरलो. मला पेरूचा वास आला म्हणून जी उचलली ती निघाली सोव्हिन्यों. चेनिन त्याच्या शेजारच्या पेल्यात गप्प बसलेली. दाजींनी स्वतः दोन घोट घेतले आणि म्हणाले, "मागच्या साली थंडी कमी होती." एवढंच. पुढे बसलेल्या कांदिवलीच्या काकांनी नाकाने बरंच काही हुंगून मोठं भाषण केलं होतं. त्यात हे वाक्य नव्हतं.

संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला एक चक्कर मारली. २००० साली पहिली वाइन काढणारी सुला ही मोठी वायनरी तिथेच. शनिवारी तिकडच्या रस्त्यावर वाहनांची रांग बघितली आणि आम्ही गाडी वळवून मिसळ खायला गेलो. पापड, झणझणीत रस्सा. आईने रस्सा दोनदा मागितला.

दिवस चौथा, रविवार

परतताना वाट वाकडी करून नांदूर मधमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून जाहीर झालं. मनोऱ्यावरून चक्रवाक दिसले, थापट्या बदकांचे थवे दिसले. परत गाडीकडे येताना आभाळात भोरड्यांचा थवा वळला, एखाद्याने चादर झटकावी तसा. पक्षीप्रेमी शेजारी वा वा करत होते. मला एकदम दाजींच्या चेनिनवरची जाळी आठवली. हेच पक्षी बागेत उतरले की ओळच्या ओळ साफ करतात.

सिन्नरला ऊन तापलं. आईच्या पायाशी एक लिटरची बाटली होती. शुक्रवारी उरलेली परातभर चेनिन तिने ताईच्या स्वयंपाकघरात पंच्यातून पिळून घेतली होती, नातवंडांच्या सरबताला. थंडी इतकी की फ्रीज कशाला, म्हणून ती दोन रात्री खिडकीतच होती. चंदनापुरी घाटात शिरताना मागून फस्स आवाज आला. वळून बघितलं तर बाटली फुगून गोल झालेली, झाकणाच्या कडेने फेस, आणि आई दोन्ही हातांनी ती खिडकीबाहेर धरून बसलेली.

"टाकून दे."

"का म्हणून? चांगली आंबतेय."

झाकण सैल करून, रुमाल बांधून ती बाटली पुण्याला आली. आता ओट्याच्या कोपऱ्यात, मोठ्या पातेल्यात उभी आहे.

आज सकाळी सहाला दाजींचा फोन आला. रात्री पारा पाचावर उतरला, थॉमसनच्या बांधाकडच्या दोन ओळींत मणी तडकलेत, बाकी धुराने वाचलं. शिराझवाल्या शेजाऱ्याचा चेहरा मात्र फुललाय. मी काही बोलणार इतक्यात आईने फोन हातातून घेतला.

"जावईबापू, त्या बाईंना जरा विचाराल का, बुडबुडे थांबायला किती दिवस लागतात?"